चार रुसलेले, तीन क्रूझर

५ मे, सोमवार
निपाणी. कॉलेजला सुट्टी लागली, घरी आले, तर आप्पांनी दारातच काम दिलं. रविवारी धाकट्या बहिणीचं, सुनीचं लग्न, बेळगावात. वऱ्हाडाला तीन क्रूझर. "आक्का, तू कॉम्प्युटरची डॉक्टर होणार न्हवं? मग कोण कुठल्या गाडीत, तेवढं बघ. वाटेत भांडणं नकोत."
म्हणजे न बोलणारे एका गाडीत नकोत. वर्गात हेच शिकवते. ठिपके, रेघा, तीन रंग. इथे माणसं, अबोले, तीन गाड्या. रेघेनं जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही. तिथले ठिपके निदान फुगून बसत नाहीत.

६ मे, मंगळ.
कोण कुणाशी बोलत नाही, हे आईला तोंडपाठ. ती सांगत गेली, मी रेघा मारत गेले. कागद काळा झाला. आईला म्हटलं, माणसं वाढली की असलं कोडं सोडवायची झटपट रीत जगात कुणाला सापडलेली नाही. उत्तर कुणी दिलं तर तपासणं मात्र सोपं.
"तपासाय तुझी आत्ती हाय की. गाडीत बसल्या बसल्या चूक काढंल."

७ मे, बुध.
प्रोग्राम चालवला. उत्तर: अशक्य. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सिद्धता फार देखणी आहे. आप्पा, त्यांचे थोरले भाऊ अण्णा, आत्ती, मामा. चौघांत कुणीच कुणाशी बोलत नाही. गाड्या तीन.
आप्पा: "ह्यासाठी एवढी वर्सं शिकलीस व्हय गं?"
लग्नसराईत चौथी गाडी मिळत नाही. आप्पाच म्हणाले, "मग अण्णाला ऱ्हाऊ दे घरी." दोघा भावांचं बोअरच्या मोटरीवरून झालेलं भांडण, अजून धगधगतंय.
सुनीनं ऐकलं. "अण्णा न्हाईत तर मी बी गाडीत बसणार न्हाई." लहानपणी अण्णाच तिला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचे. ढसाढसा रडली. मलाही रडू आलं. सिद्धता गेली चुलीत.

९ मे, शुक्र.
चौघांतली कुठलीही एक रेघ पुसली, म्हणजे कुठलेही दोघे बोलू लागले, तरी सगळे बसतात, तपासलं. मग दारोदार.
मामा: "आत्तीनं आधी बोलावं."
आत्ती: "मामानं."
अण्णा: "मी थोरला. मी जाऊ व्हय त्याच्या दारात?"
आप्पा: "धाकटा म्हणून काय दर वेळी मीच वाकायचं?"
याला आमच्या विषयात नाव आहे, डेडलॉक: जो तो दुसऱ्यानं आधी हलायची वाट बघतो. नावानं काही हलत नाही.

११ मे, रवि.
संकेश्वर, हॉटेलात. गाडी चहाला थांबलीय, तेवढ्यात लिहितेय.
सकाळी सुनी स्वतःच जाऊन अण्णांना हाताला धरून घेऊन आली. नवरीपुढे कोण काय बोलणार! आत्ती आणि मामा बाकीच्या दोन गाड्यांत; अण्णा आमच्याच गाडीत, पार मागे. आप्पा पुढे, ड्रायव्हरशेजारी. मधे मी.
अण्णा: "आक्का, त्याला सांग काच लाव, धूळ येतीया."
आप्पा: "आक्का, त्याला सांग, मला कळतंय."
निपाणीपासून हेच. घसा बसला.
आत्ता, टेबलाशी, आप्पा पाठ फिरवूनच म्हणाले, "आक्का, इच्यार त्याला, चहात साखर चालतीया का अजून? डॉक्टरनं बंद केल्ती म्हणं."
हे त्यांना कुणी सांगितलं? मी वळून तोंड उघडणार, तोच अण्णा म्हणाले, "बिनसाखरंचा."
मला म्हणाले की त्यांना, देव जाणे. आप्पांनी दोन बिनसाखरेचे मागवले. तसला चहा आप्पांच्या घशाखाली उतरत नाही. मुकाट पितायत.
ड्रायव्हर हॉर्न मारतोय. बेळगाव अजून लांब आहे. मी परत मधे बसावं की मागच्या गाडीत जावं?