एका हाताने नांगर

रविवार, ८ एप्रिल २००१

पुन्हा तेच! नावेच्या टोकावर गुडघे टेकून मी, ओला दोर माझ्या मांडीवर, पातळाला चिखल. आणि अण्णा मागे फळीवर बसून पेपर वाचणार. "जरा डावीकडे टाक, इंदू. अंहं, फार डावीकडे गेला." जन्मभर वकिली केली, दुसऱ्याने काय करायला हवं होतं ते सांगायची सवय जात नाही.

उणकलच्या तळ्यात नांगर टाकला नाही तर वारा नावेला ढकलत नेऊन जलपर्णीत कोंबतो. म्हणून नांगर. आणि पक्षाघात झाल्यापासून अण्णांचा डावा हात मांडीवर नुसता पडून असतो, म्हणून मी. वहिनी गेल्यापासून भावाच्या घरातलं दोन हातांचं प्रत्येक काम बहिणीकडे.

रविवार माझाही असतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

मंगळवार, १० एप्रिल

हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, विजापूरच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून माझं नाव आलंय. "मागच्या खेपेला नाही म्हणालात, बाई. या वेळीही नाही म्हटलंत तर पुन्हा विचारायचे नाहीत." चौदा मेपर्यंत कळवायचं. मागच्या खेपेला आई अंथरुणावर होती. आता अण्णा.

अण्णांना बोलले नाही. स्वयंपाकाला वेणूबाई येतात, आंघोळ-कपडे ते स्वतः करतात. अडतं ते फक्त या नावेच्या नांगरापाशी; वल्हं ते एका हाताने मारतात. नाव ते सोडणार नाहीत, आणि नांगर टाकायला एकटे टोकावर गेले तर तोल जाऊन पाण्यात पडतील. एवढं मार्गी लावलं की मी जायला मोकळी.

बुधवार, ११ एप्रिल

रात्री डोक्यात आलं. अण्णांना जागचं उठावंच लागता कामा नये. टोकावर एक रूळ, नांगर तिथेच लटकता, आणि दोर रुळावरून मागे आणून अण्णांच्या उजव्या हाताशी खुंटीला. सैल सोडला की खाली, ओढला की वर.

दाजीबानपेठेच्या मागे सटवाजीचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याला चित्र काढून दाखवलं. "होतंय की अक्का. उद्या या."

मंगळवार, १७ एप्रिल

उद्या या.

शुक्रवार, २० एप्रिल

"करंट नव्हता री, अक्का." शेजारच्या दुकानात मात्र टीव्ही चालू!

रविवार, २२ एप्रिल

रूळ बसला. आणि पहिल्याच खेपेला दोर रुळावरून घसरून फळीच्या फटीत जाऊन बसला. पुढे सरकेना, मागे येईना. रुळाला दोन्ही बाजूंनी कान हवेत हे सटवाजीला सुचलं नाही, मलाही नाही. मी टोकावर पालथी पडून ओढतेय आणि अण्णा हसतायत, वर अर्धं कानडीत, "बिडू ग, जाऊ दे. आहे ते काय वाईट होतं?"

त्यांना काय वाईट असणार! मला रडू येत होतं.

रविवार, २९ एप्रिल

आज सगळं ठीक होतं. कान बसवलेले, दोर नवा. अण्णांनी खुंटीचा वेढा काढला, नांगर रुळावरून सुरेख खाली गेला. आणि या माणसाने हातातला दोर सोडून हात कपाळाला लावला! डोळे मिटून! दोराचं टोकसुद्धा पाण्यात गेलं.

"अण्णा, काय केलंत हे?"

"अगं, पाण्यात काही सोडलं की हात आपोआप जातो."

सत्तर वर्षं गणपती बोळवले, निर्माल्य सोडलं, त्याचं हे फळ. नांगरालाही नमस्कार. दोराचा शेवट नावेला बांधून ठेवायचं मला सुचलं नव्हतं, तेव्हा बोलणार तरी कोणत्या तोंडाने? वाऱ्याने जलपर्णीत नेऊन घातलं. मासे धरणाऱ्या बाबूने ओढून काठाला आणलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अण्णांनी त्याला कोर्टातली गोष्ट सांगितली. मी डास मोजले.

शुक्रवार, ४ मे

नवा नांगर आणला. दोराचा शेवट कडीला पक्का बांधला, गाठीवर गाठ. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बघत बसले होते. "कशाला एवढा खटाटोप, इंदू? तू आहेस ना." विजापूरचं अगदी ओठावर आलं. आणखी एक गाठ मारली.

त्यांचा राग आला. मग माझाच आला.

रविवार, ६ मे

मी पदराखाली हात घेऊन बसले. कशालाही शिवले नाही. अण्णांनी दोर सोडला, नांगर गेला, हात कपाळाला गेला — जाऊ दे, शेवट बांधलेला आहे. मग सावकाश दोर चाचपडून घेतला, ताणून पाहिला, खुंटीला वेढे दिले. नाव जागच्या जागी. निघताना नांगर ओढायला वेळ लागला, घामाघूम झाले, पण मला हात लावू दिला नाही.

"पुढच्या रविवारी तू घरी रहा," म्हणाले.

रविवार, १३ मे

अण्णा एकटे गेले. मला राहवेना, मागोमाग रिक्षाने जाऊन काठावर झाडाआड उभी राहिले. नांगर पहिल्या खेपेला धरला. पेपर उघडला. मी कुठे आहे हे एकदाही पाहिलं नाही.

उद्या कळवायचं आहे. आता अण्णांचं नाव पुढे करता येणार नाही. मला विजापूरला जायची भीती वाटते. कारण एवढंच होतं.