दोन हजारचा आकडा

६ जानेवारी २०२५, सोमवार

दोन हजार! बंगालच्या उपसागरात दोन हजार, अरबी समुद्रात दोन हजार, थेट खाली अंटार्क्टिकापर्यंत दोन हजारच. आज संगणकावरच्या हवामानाच्या मॉडेलमधली ती ओळ परत उघडली आणि परत डोकं फिरलं.

मुद्दा एवढासाच. समुद्रात पन्नास-शंभर किलोमीटर रुंदीचे भोवरे सतत फिरत असतात. आमच्या मॉडेलने समुद्राचे चौकोन पाडलेत शंभर-शंभर किलोमीटरचे. भोवरा त्या चौकोनाच्या पोटातच राहतो, संगणकाला दिसतच नाही. पण तो गरम पाणी, गार पाणी, गोडं, खारं सगळं ढवळून इकडचं तिकडे नेतो. ते सोडून कसं चालेल? म्हणून न दिसणाऱ्या भोवऱ्यांच्या ऐवजी एक आकडा घालायचा — ढवळणं किती. शरच्चंद्र सरांनी घातला दोन हजार. सगळीकडे एकच! समुद्र म्हणजे काय म्युनिसिपालिटीचा हौद आहे?

माझी तीन वर्षं यात गेलीत. भोवरे कुठे किती जोराचे, ते त्या-त्या जागचं पाणी बघून मॉडेलनेच ठरवायचं, अशी पद्धत बसवली. २८ फेब्रुवारीला मॉडेलची नवी आवृत्ती पक्की होणार. त्यात माझी पद्धत बसली तर बसली. नाही तर पुढची आवृत्ती चार वर्षांनी, आणि माझा करार मार्चअखेर संपतोय.

९ जानेवारी

सरांना फोन केला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, विश्रांतवाडीला असतात, पण आवृत्ती पक्की करणाऱ्या समितीचे अध्यक्ष अजून तेच. विचारलं, सर, हा दोन हजार आणलात कुठून?

"वहीत लिहिलंय. हिरवा पुठ्ठा. तुमच्याच खोलीतल्या कपाटात आहे. वाचायची सवय असेल तर बघा."

फोन ठेवला! पुण्यात राहून मला टोमण्याचं काय कौतुक, पण तरी झोंबलं. नाही बघत वही. त्यात काय असणार — अंदाजपंचे.

१५ जानेवारी

आज नकाशा आला! माझ्या पद्धतीने काढलेला पहिला पूर्ण नकाशा. विशाखापट्टणमच्या बाहेर आकडा चढलाय, उपसागराच्या मध्यावर उतरलाय, श्रीलंकेच्या पूर्वेला परत चढलाय. उपग्रहात भोवरे जिथे दिसतात, अगदी तिथेच! मी मॉडेलला उपग्रहाचा एकही आकडा दाखवला नव्हता. अर्धा तास नुसती बघत बसले. जेवण विसरले.

१८ जानेवारी

शहाबाजने मोठा रन लावला. मागच्या चाळीस वर्षांचा पावसाळा मॉडेलकडून परत काढून घ्यायचा आणि खऱ्याशी ताडून बघायचा. दहा-अकरा दिवस लागतील. शहाबाज म्हणजे आमचा संगणकवाला. तो सांभाळतो म्हणून ते यंत्र चालतं, सरकार म्हणतं आम्ही चालवतो.

२३ जानेवारी

अजून चालूच आहे. नखं संपली.

२९ जानेवारी

शहाबाज दारातच उभा राहिला. "मॅडम, ओशन मस्त इम्प्रूव्ह झालाय. पण रेन गेला."

खरंच गेला. प्रवाह सुधारले, खोल पाणी सुधारलं, आणि मध्य भारताचा पाऊस जुन्या मॉडेलपेक्षा वाईट! रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन रडलेही, लपवायचं कशाला, ही वही माझीच आहे.

पण घरी येताना स्कूटरवर सारखं तेच डोक्यात. भोवरे बरोबर केले तर पाऊस चुकावा कसा? बरोबर गोष्टीने उत्तर बिघडतं कसं? बिबवेवाडीचा सिग्नल सुटला तरी मी उभीच. मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धार केला.

३ फेब्रुवारी

समितीची बैठक. बाकीचे म्हणाले, पद्धत सुंदर आहे, पण पाऊस बिघडवणारी आवृत्ती आम्ही देशाला देणार नाही. त्यांचंही खोटं नाही. मी जरा तिखटच बोलले — की कुणीतरी कधीकाळी हवेतून उचललेला आकडा आपण देवासारखा पूजतोय.

सर चष्मा पुसत म्हणाले, "काढा ना तो आकडा. माझा काय जीव अडकलाय त्यात? पण त्याने आजवर काय झाकलं होतं, ते शोधून काढा."

२८ पर्यंत मुदत मिळाली. झाकलं होतं म्हणजे?

८ फेब्रुवारी

धागा लागला! उपसागराच्या मधोमध वरचं पाणी फार खारं येतंय. खारं म्हणून जड, जड म्हणून खाली बुडतं, खालचं गार वर येतं. समुद्र गार, की पाऊस कमी. म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी मध्यापर्यंत नीट पोचत नाहीये. दोन हजारने ते ढकलून-ढकलून पोचवलं होतं, माझे भोवरे तेवढं ढकलत नाहीत.

मग खरे भोवरे तरी कसे पोचवतात? ते तर माझ्याएवढंच ढकलतात!

शहाबाज म्हणाला, नद्यांचं पाणी समुद्रात कसं सोडायचं ती फाइल चेक करू या का. मी म्हटलं, ती मीच केलीय, ती बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी

पाऊस तपासला, बाष्पीभवन तपासलं, वारा तपासला. सगळे सोवळ्यात! कुणीच चुकत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईने दूध तापवून ठेवलं होतं. मी पेला बुडवून वरवरचं घेतलं तर ओरडली, आम्रपाली, ढवळून घे, सगळी साय तुलाच काय! आई कात्रजच्या दूध केंद्रात तीस वर्षं नमुने तपासायची. सुरू झाली मग. कॅन आला की आधी दांड्याने खालीवर ढवळायचं, मग नमुना. नाही ढवळलं तर फॅटचा आकडा खोटा. वरती साय असते, खाली पाणी. नवीन पोरी विसरायच्या.

मी हसत म्हटलं, आणि कुणी विनाकारण ढवळलं तर?

"तर मग साय राहीलच कुठे? गेली सगळी दुधात."

पेला हातातच राहिला. नदीचं पाणी हलकं, ते समुद्रावर सायीसारखं पसरतं. वरच्या पाच-सात मीटरमध्ये. आणि आठ वर्षांपूर्वी मी ते—

उद्या बघते. आत्ता लिहायचीसुद्धा भीती वाटतेय.

१७ फेब्रुवारी

चाळीस मीटर.

माझ्याच हाताने. २०१७ मध्ये नद्यांचं पाणी वरच्या थरात सोडलं की नदीमुखाशी खारेपणा शून्याच्या खाली जायचा आणि मॉडेल कोसळायचं. म्हणून एका दिवसापुरतं म्हणून चाळीस मीटरमध्ये ढवळून टाकलं. साय दुधात! मग ते तसंच राहिलं. त्या फाइलवर मला डॉक्टरेट मिळाली, तरुण शास्त्रज्ञाचं पारितोषिक मिळालं, आईने गल्लीत पेढे वाटले.

१८ फेब्रुवारी, दुपार

मार्ग आहे. फक्त उपसागरात दोन हजार परत घालायचा, बाकीकडे माझी पद्धत. पाऊस लगेच सुधारेल. समिती खूश, करार पुढे, फाइल कुणी उघडणार नाही. सकाळपासून तीनदा तो बदल टाइप केला आणि तीनदा पुसला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

विश्रांतवाडीला जाऊन आले. सरांना सगळं सांगितलं, चाळीस मीटरसकट. ते रागावतील, हसतील, काहीतरी तिरकं बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, रनला किती दिवस? म्हटलं, घाई केली तर नऊ. लावा, म्हणाले. मी म्हटलं, सर, पारितोषिक त्या फाइलवर आहे.

"मग आता ते खरंच मिळवा."

दारापर्यंत सोडायला आले. मी चप्पल घालत होते तेव्हा म्हणाले, ती वही अजून वाचली नाहीत ना? नाही, म्हटलं.

शहाबाजला रस्त्यातूनच फोन केला. त्याने यंत्रावरचं बाकीचं काम मागे टाकलं.

२७ फेब्रुवारी

आला पाऊस! फाइलमध्ये पाणी वर ठेवलं, नदीमुखाशी थोडं पसरवलं, म्हणजे कोसळतही नाही. आणि भोवरे माझे. मध्य भारत जुन्यापेक्षा चांगला, थोडासाच, पण चांगला. शहाबाजने पूर्ण मजल्याला वडापाव दिला.

एक गंमत नोंदवून ठेवते. उपसागरात माझ्या पद्धतीने सरासरी आकडा येतो अकराशे नव्वद. सर दोन हजारवर गेले कसे, याचं कोडं उरतंच. उद्या समिती.

२८ फेब्रुवारी, सकाळ

हिरवी वही काढली. ११ मे २०१७चं पान, सरांचं बारीक अक्षर:

"नवी नदी-फाइल आल्यापासून पाऊस कमी. दुसरा बदल काही नाही. आम्रपालीला विचारलं. ती म्हणते, फाइल बरोबर आहे. असेल. मुलगी काळजीपूर्वक काम करते. म्हणजे चूक माझ्या आकड्यात. बाराशेचा दोन हजार केला."