पिवळे पट्टे

१२ मे

प्रिय दादा,

नमस्कार. तू फोनवर येत नाहीस आणि वहिनीकडे निरोप ठेवण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण त्याचं कोण ऐकतं.

तू काम सोडून गेल्यापासून दवाखान्यासमोरचं लॉन माझ्याच गळ्यात आहे. साहेब म्हणाले होते, "भर दुपारी पाणी घालून म्हाताऱ्यानं गवत जाळलं." एवढी वर्षं मुख्य माळी असलेला तू, खुरपं ठेवून घरी गेलास. मी तिथेच पाइप गुंडाळत उभी होते.

महिनाभर मी त्या लॉनच्या मागे लागलेय. हरळीला ऊन बाधत नाही, उन्हाळ्यात तर ती जोमानं वाढते, हे तूच शिकवलंस. मग पट्ट्यापट्ट्यांनी पिवळी का? पाणी कमी पडतंय म्हणावं तर स्क्रूड्रायव्हर जमिनीत मुठीपर्यंत सहज जातो, म्हणजे खाली ओल आहे. मुळं खाणारी हुमणी शोधायला पाच ठिकाणी खणलं, एकही अळी सापडली नाही. मशीनचं पातं वर घेतलं, धार लावून आणली. रोज थोडं थोडं पाणी बंद केलं आणि तीन दिवसांतून एकदा, सकाळी, भरपूर द्यायला लागले. बाकीचं लॉन हिरवंगार झालं. पट्टे तसेच. मी फार दमलेय, दादा, आणि ते नुसतं उन्हामुळे नाही.

ज्याची शंका होती ते सोडून मी बाकी सगळं तपासत होते.

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाली, तू गॅलरीतल्या कुंड्यांनाही हात लावत नाहीस. "माझा हात गेला," म्हणतोस. मग दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन लॉन वरून पाहिलं. पट्टे सरळ होते, माझ्या फवाऱ्याएवढे रुंद. झाडापाशी मी वळते तसेच वळलेले. वॉचमनच्या खोलीसमोर मोठा गोल डाग आहे, कारण तिथे मी फवारणी पंपाची नळी हातात धरून त्याच्याशी गप्पा छाटत होते.

लॉनला खत फवारायच्या आदल्या दिवशी त्याच पंपानं मी फरशीच्या फटींत तणनाशक मारलं होतं. पंप धुतला नाही. खताचं पाणी त्यातच भरलं. तीनदा धुवायचा म्हणून तू ओरडायचास आणि मी तुला नळावरची आजी म्हणून चिडवायची.

लॉन तू जाळलं नाहीस. मी जाळलं. आणि नोकरी जाईल या भीतीनं गप्प बसले. मला फार लाज वाटते.

आज साहेबांना हेच लिहून, खाली सही करून दिलं. त्यांनी वाचून कागदाची घडी केली आणि उद्या ये म्हणाले. उद्या काय होईल, माहीत नाही.

गेल्या चार दिवसांत कडेच्या चांगल्या हरळीचे तुकडे काढून सगळे पट्टे भरून घेतलेत. फक्त वॉचमनच्या खोलीसमोरचा डाग तसाच ठेवलाय. तो तू येऊन बघ. तुझ्या हातांचं काही बिघडलेलं नाही हे माझ्या सांगण्यापेक्षा तो डाग नीट सांगेल. आणि बघून झालं की तिथलं गवत तूच लाव.

आता पंप तीनदा धुणारी, पण एक महिना उशिरा खरं बोललेली,
तुझी धाकटी