रोज एक आठवण

८ जानेवारी, बुधवार

झाला बाई फोन! अंजलीनं लावून दिला. बीडला नर्स झाली तशी पोरगी आईबापालाच तपासायला लागली. मोबाईलवर रोहिणी मॅडम दिसल्या – पुण्याच्या. नवराबायकोचं, जिवाच्या घोराचं ऐकून घेतात. औषध न्हाई काही, नुसतं बोलायचं. मी शाळेच्या खिचडीच्या खोलीत, दार लावून. घरी बोलावं तर शेजारची भिवराबाई खिडकीला कान लावून!

"मिस्टरांचं नाव?" बावीस वर्षं घेतलं न्हाई, आता मोबाईलसमोर घेऊ? आधार कार्डच धरलं समोर. हसल्या. इथं लिहिते – शहादेव. लिहायला काय जातंय!

मग सांगितलं सगळं. वर्ष झालं, हे बोलत न्हाईत. भांडण न्हाई, मार न्हाई, दारू न्हाई. "वाढ", "आलो" – एवढंच. बसल्या बसल्या छातीत धडधडतंय ह्यांच्या. "कावून?" विचारलं की चप्पल घालून बाहेर. असेच एक दिवस जातील आन् यायचेच न्हाईत, ह्या भ्यानं मला घास जात न्हाई.

९ जानेवारी

खिचडी करपली. हेडमास्तर बोलले. बोलू द्या.

१५ जानेवारी, बुधवार

मॅडम म्हणल्या, "तुम्ही दोघं सगळ्यात खूश कधी होतात?" मी पटकन म्हणले, ऊस तोडायला जायचो तवा! त्यांना वाटलं थट्टा करते.

मग बसले सांगत. आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता. हे तोडणार, मी मोळी बांधणार. पहाटेच्या थंडीत हे आधी उसाचं वाळकं पाचट पेटवायचे, माझे हात शेकून द्यायचे, मगच कामाला हात. आन् तोंड? थांबतच नव्हतं ह्यांचं! गाडीत मोळ्यांवर बसून कारखान्यापर्यंत सगळ्या टोळीच्या नकला. मुकादमाची तर अशी, की एकदा मी गाडीवरून पडता पडता वाचले. झोपडीएवढ्या कोपीत तीन दगडांची चूल, अंजली झोळीत... लई चांगले दिवस होते. आता गाव निम्मं ऊसतोडीला गेलंय, गल्लीत कुत्रंबी न्हाई, आन् मी इथं पातेली घासते. गेलेल्यांचा हेवा वाटतो, खरं सांगते.

"मग त्यातली रोज एक आठवण त्यांना सांगा." एवढंच? सोपं हाय की!

१६ जानेवारी

पाचटाची सांगितली. हे अर्धी भाकरी ठेवून उठले.

१९ जानेवारी

आज पदर खोचून मुकादमाची नक्कल मीच केली. एकटीच हसले. हे जे पारावर जाऊन बसले ते दिवेलागणीलाच आले. इतकं काय वाईट केलं मी? रडू आलं मेलं.

२२ जानेवारी, बुधवार

मॅडमना सांगितलं, तुमचा उपाय उलटला. त्या म्हणल्या, "ते दिवस त्यांनाही चांगलेच वाटतात का? विचारलंय कधी?"

मला रागच आला! एकाच कोपीत होतो की दोघं! खुर्चीवर बसून ह्यांना काय कळतंय ऊस? फोन ठेवला तरी डोक्यात तेच.

विचारलं मात्र न्हाई कधी. हे खरं हाय.

२३ जानेवारी

विचारलं. ताट वाढून समोरच बसले. "तुमाला कसे वाटतात ते दिवस?"

हे उठले न्हाईत. ताटाकडं बघत बोलले. वर्षात पहिल्यांदा एवढं –

"अंजली पहिलीला होती त्या साली तुझं पोट दुखायचं. डॉक्टर म्हणला, गोळ्यांनी होईल, महिनाभर घरी ठेवा. मीच म्हणलो, कामात खाडा नको, गर्भाची पिशवीच काढून टाका. तुला खोटं सांगितलं, डॉक्टरच म्हणतोय म्हणून. पंचवीस वर्षांची होतीस. मागल्या साली अंजलीनं जुने कागद वाचले, मला विचारलं – पप्पा, एवढ्या लवकर कावून काढली? तवापासून तुझ्याकडं बघवत न्हाई. आन् तू रोज म्हणतीस, लई चांगले दिवस होते."

मी ताट उचललं. हात धुतले. खरकटं टाकून आले.

२४ जानेवारी

सकाळपासून ते बोलतायत. मी न्हाई.