पाखंडी

बाबा,

परवा ऑफिसात एक मुलगी हसत हसत कुणाला तरी ‘पाखंडी’ म्हणाली आणि माझी बोटं कीबोर्डवर थांबली. मागे तुम्ही उभे आहात, विचारताय, “अर्थ माहीत आहे?” तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी मान वळवायचा धीर झाला नाही.

आपण नुकतेच कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मला हिंजवडीत नोकरी लागलेली, लग्न ठरलेलं, आणि वास्तुशांतीला सासरची माणसं यायची होती. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेले, सगळे मंत्र अर्थासकट पाठ असलेले तुम्ही म्हणालात, “येऊ देत, जेवू देत. मी पूजेला बसणार नाही. माझा विश्वास नाही.” आई स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. तिच्यादेखत मी ओरडले, “त्यांना काय सांगू? माझा बाप पाखंडी आहे म्हणून?”

तुम्ही चष्मा पुसत राहिलात. “अर्थ माहीत आहे?”

मी ताटं पुसायला घेतली.

“मूळ शब्द पाषंड. बहुधा पर्षदेवरून आलेला. एकत्र बसणारी मंडळी. जुन्या शिलालेखांत एक राजा सगळ्याच पंथांना पाषंड म्हणतो, आदरानं. पुढे वेद न मानणाऱ्यांना तो चिकटवला. ‘पा’ म्हणजे वेद, त्याचं खंडन करणारा, ही व्युत्पत्तीही मागाहून रचलेली. आता तर त्याचा अर्थ ढोंगी.” चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणालात, “शब्दाची शिवी व्हायला शेकडो वर्षं लागली. आपण ते एका दुपारी उरकलंत.” फार लागलं की तुम्ही मला अहो-जाहो करायचात.

वास्तुशांतीला तुम्ही सोवळं नेसून पाटावर बसलात. गुरुजींचे उच्चार चुकत होते, एकदाही सुधारले नाहीत. सासरे खूश. सगळे गेल्यावर मी जवळ आले, तर तुम्ही सोवळ्याची घडी घालताय. “काल म्हणालीस तो पाखंडी मी होतोच,” म्हणालात, “त्याचं काही वाटलं नाही. आज शेवटच्या अर्थाचाही झालो.” तुम्ही हसला नाहीत.

दोन वर्षांनी, एका सकाळी, तुम्ही अचानक गेलात. बाहेरच्या खोलीत माणसं जमलेली, सासरे गुरुजींना फोन करताहेत. स्मशानाच्या पाससाठी लागणारं रेशनकार्ड शोधायला मी तुमचं कपाट उघडते, तर वरच देहदानाचा अर्ज. तुमची सही झालेली. नातलगाच्या संमतीच्या सहीची जागा मोकळी, आणि तिथे पेन्सिलीनं, तुमच्या अक्षरात, माझं नाव.

“सापडलं का गं?” आईनं बाहेरून विचारलं.

“हो, रेशनकार्ड मिळालं.”

दहावं, तेरावं, सगळं यथासांग झालं. आईला मी अजून सांगितलेलं नाही. हे पत्र त्या अर्जाच्या घडीत ठेवून देते. लोक होते, घाई होती, सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे सुचलं होतं, बाबा. पेनही हातात घेतलं होतं. सासरे काय म्हणतील, एवढंच मनात आलं.