तुमची गाडी उत्तम थांबते, मामा

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला अगदी खराखुरा साष्टांग. तुमच्या मोटरसायकलशेजारी पालथा पडूनच लिहितोय, म्हणून अक्षर तिरकं.) तुमची कंबर कशी आहे? मामी शेक देत असतील आणि तुम्ही तो चुकवत असाल. इकडे सगळं ठीक. आई माझ्याशी बोलते, बाबा बोलत नाहीत, म्हणजे दोघांचीही तब्येत नेहमीसारखी आहे.

बदली होऊन जाताना गाडी माझ्या हवाली करून तुम्ही बजावलं होतंत की काही झालं तर गॅरेजमध्ये ने, स्वतः हात लावू नकोस. मी नेली होती. पुढचा ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करायची, मग थांबायची. गॅरेजवाला म्हणाला, कॅलिपर खोलावा लागेल, पुढच्या आठवड्यात ये. (कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्हीकडून आवळणारा चिमटा. तुम्हाला ठाऊक आहे, पण पत्र मामीही वाचतील.) मी म्हटलं, आजच हवंय. तर म्हणतो, "कॉलेज सोडायची घाई, ब्रेकचीही घाई." माझं डोकं फिरलं. गाडी ढकलत घरी आणली. इंजिनिअरिंगची दोन वर्षं काढलेल्या माणसाला एक कॅलिपर खोलता येऊ नये? (ब्रेकचा धडा तिसऱ्या वर्षाला होता, हे नंतर आठवलं.)

आता घाई कसली ते सांगतो. औषधाच्या दुकानात एक मुलगी आहे. हसू नका, आधीच्या दोघींची गोष्ट वेगळी होती. हिचे वडील मोटार चालवायला शिकवतात. अर्धा जन्म लोकांना "ब्रेक, ब्रेक" म्हणण्यात गेला. मुलीसाठी आलेला माणूस कसा चालवतो ते सगळेच बघतात, मी तो थांबतो कसा ते बघतो, असं त्यांचं म्हणणं. रविवारी आमच्या दारात थांबून दाखव, मग हिला फिरायला ने आणि मग पुढचं बोलू, असं ठरलं.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅलिपर मांडला. आतला पिस्टन जाम होता. व्हिडिओत एक गृहस्थ हवा मारून तो अलगद काढतात. मी बाबांचा सायकलचा पंप लावला. पिस्टन अलगद वगैरे न येता थेट डब्यांच्या फळीवर जाऊन आदळला आणि ब्रेक ऑइल टेबलभर झालं. हे ऑइल पॉलिश खातं. बाबा विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करतात. त्यांनी टेबल पाहिलं, मग मला पाहिलं आणि यातलं जुनं नुकसान कोणतं याचा अंदाज घेत आत निघून गेले.

नवे रबरी सील बसवताना त्यांना ब्रेक ऑइलच लावायचं, दुसरं काहीही नाही, असं पाकिटावर ठळक छापलं होतं. पण माझ्या खिशात तिने दिलेली मलमाची डबी होती (नटबोल्टचे पाने चालवून हात सोलवटलेले तिने पाहिले होते). मला वाटलं, ब्रेकमध्ये तिच्या हातचंही काही असावं. मग काय, खालचे सील, पिस्टन, वर ब्रेकच्या दांडीपाशी असतो तो छोटा पिस्टन, सगळ्यांना मायेने चोळलं. तेलकट मलमाने रबर फुगतं हे मला आता पाठ आहे. प्रेमात नसलेला माणूस असलं काही करत नाही, मान्य. पण प्रेमात पडलेला गॅरेजवालासुद्धा करत नसावा.

रविवारी वडील फाटकात उभे. रस्त्यावर खडूने रेघ मारलेली. मी जोरात आलो, ब्रेक दाबला, चाक रेघेवर. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "थांबतोस बरा." त्या घरात याहून मोठी स्तुती कुणाची झालेली नाही म्हणे. ती नवी ओढणी सावरत मागे बसली. मी क्लच सोडला. गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. फुगलेल्या रबराने दाबलेला ब्रेक सोडलाच नव्हता, पुढच्या चाकाने जागा सोडली नाही.

"आता निघायचं असतं," वडील म्हणाले.

शेवटी पुढचं चाक उचलून आम्ही दोघांनी गाडी त्यांच्याच अंगणात नेली. निकाल त्यांनी राखून ठेवलाय. जाम तू केलीस, मोकळीही तूच कर, गाडी निघाली की बोलू, म्हणतात. म्हणून मी रोज इथे येऊन पालथा पडतो.

मामींना नमस्कार.

तुमचा,
थांबलेला भाचा

ता. क. तुमच्याकडून सीलचं नवं पाकीट आणि ब्रेक ऑइल तातडीने पाठवा. इथल्या गॅरेजवाल्याशी माझं पुन्हा वाजलं.

ता. क. पुन्हा. थांबा, पाठवू नका. वरचं लिहून झालं आणि वडील शिकवणीला गेले. ती पाना घेऊन आली आणि कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू सैल केला. जरासं ऑइल पिचकलं आणि चाक गरगर फिरायला लागलं. मी बघतच राहिलो. तिने फाटकाकडे एकदा पाहिलं, स्क्रू आवळला, दांडी दाबून चाक होतं तसं जाम केलं आणि म्हणाली, "उद्या जरा लवकर ये."

तेव्हा मामा, पाकीट पाठवाच, नाहीतर वडिलांना संशय येईल. फक्त दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं पाठवा.