अडीचशे फुटांच्या अलीकडे

सीडर फोर्क, ४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

म्हातारी गाय अजून विकली नाहीस हे वाचून हसू आलं. जन्मभर लोकांची गुरं लिलावात विकलीस, स्वतःची एक विकवत नाही होय?

इथे मात्र आपल्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचं घाटतंय. मग माझ्या कोरीनने कळा लागल्यावर खिंड ओलांडून पलीकडच्या दवाखान्यात जायचं! नात आहे माझी, झोप उडालीय. शनिवारी कोर्टासमोर निदर्शनं आहेत आणि भाषण माझ्या गळ्यात पडलंय. भोंग्याला परवानगी नाही. माझा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचला तरी पुष्कळ. तू शेजारी उभा राहून वाचशील?

अडचण एकच. नव्या कायद्याने निदर्शनात आणि भोवती अडीचशे फुटांत कमरेला पिस्तूल चालत नाही. एक दिवस घरी ठेव ना रे.

धाकटीवर माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी वर्ना

गुरांचा वाडा, ८ एप्रिल

चि. वर्नास,
अ. उ. आ.

नाही ठेवणार. बाबांनी स्वतःच्या हाताने ते माझ्या कमरेला बांधलं. राजधानीतल्या मंडळींनी खुर्चीत बसून माझा पट्टा सोडायचा? राज्यघटनेने दिलेला शस्त्राचा हक्क काय पाव गुंडाळायला छापलाय?

पण तुला एकटी सोडेन असं वाटलं की काय तुला? शेरीफला विचारून घेतलं, कोपऱ्यावरचं लोखंडी सामानाचं दुकान हद्दीबाहेर पडतं. तिथून ओरडून वाचतो. गुरांच्या हंबरण्यावर आवाज चढवलेला माणूस मी, तुमची गर्दी काय चीज आहे! भाषण मोठ्या अक्षरात लिहून पाठव. आणि ॲपल पाय करून ठेव, मागच्यासारखा करपवू नकोस.

कळावे, राग फार धरू नये.
डेल्बर्ट

सीडर फोर्क, १६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ॲपल पाय न खाताच पळालास, म्हणून हद्दीच्या अलीकडे काय घडलं ते लिहूनच कळवते. अरे, भाषण होतं की लिलाव? तू इतक्या झपाट्याने वाचत सुटलास की म्हाताऱ्या टॉलिव्हरने सवयीने हात वर करून बोली लावली. त्याचं बघून सगळ्या गुरंवाल्यांचे हात वर! टॉलिव्हरबाईंनी नवऱ्याच्या डोक्यात फलक हाणला. वॉर्डाचा निर्णय घेणारे अधिकारी कोर्टाच्या खिडकीतून बघत होते, त्यांना मात्र वाटलं, काय हा पाठिंबा!

मग आईच्या त्या बाळंतपणाचा परिच्छेद आला, आणि तुझा आवाज बंद. तो मी तुला न विचारता लिहिला होता, चुकलंच माझं. मला वाटलं, चिडून निघून गेलास. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि तू आलास, दोन्ही हातांनी पँट धरून! एवढ्या रडवेल्या क्षणी मला फिस्सकन हसू आलं. त्या हसण्यानेच गळा मोकळा झाला, आणि उरलेलं मी वाचलं. शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं म्हणतात. वॉर्ड राहिला दादा, निदान वर्षभर तरी.

पट्टा का सोडलास, ते मात्र तू सांगितलं नाहीस.

माया आहे हे दिसलंच, आता ॲपल पायही खाऊन जा.
तुझी वर्ना

गुरांचा वाडा, २० जून

चि. वर्नास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलो की पेन अडायचं.

आईला बाळंतपणाला नेताना खिंडीत बर्फात ट्रक अडकला तेव्हा तू आजीकडे होतीस. आईने बाळ माझ्या हातात दिलं होतं. कोटात घेतलं, फुंकर घातली, चोळलं. आपला भाऊ गार तो गारच. त्या ओळीवर जीभच उचलेना. समोर बघितलं तर तू कागद धरून एकटी. मग पिस्तूल पट्ट्यासकट गाडीत टाकून कुलूप लावलं. पँट त्याच पट्ट्यावर टिकून होती, हे हद्द ओलांडल्यावर कळलं. कायदा मला अजून पटलेला नाही, गावभर सांगितलंस तरी चालेल.

परवा वॉर्डात पँटला खांद्यावरून गॅलिस लावून आलो, म्हणून दोन्ही हात मोकळे होते. कोरीनने बाळ सरळ माझ्याकडेच दिलं. तुला तेव्हा बोललो नाही, बोलवलंच नाही. वर्ने, केवढं ऊन ऊन असतं गं ते!

रविवारी पुन्हा येतो. त्याला कुणी उचललं असलं, तर मी आल्यावर माझ्याकडे द्यावं, ही विनंती.
डेल्बर्ट